तिसरा बाक, खिडकीकडचा

डोळ्यांत औषध घातलेलं पोर शेजारी भिंतीला डोकं टेकून बसलं होतं, आणि तेच पोर दिनानाथ तोरस्करांच्या हातातल्या फोनमध्ये, शाळेत, तिसऱ्या बाकावर बसून हात वर करत होतं.

विरारच्या त्या डोळ्यांच्या दवाखान्यात दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. डॉक्टरांनी थेंब घालून अर्धा तास थांबायला सांगितलं होतं. अर्धा तास नुसतं बसणं दिनानाथांना जमण्यासारखं नव्हतं, म्हणून हात खिशात गेला, फोन बाहेर आला आणि अंगठ्याने आपसूक शाळेचं ॲप उघडलं. सात महिन्यांची सवय. बाराला चौथा तास संपतो, पाचवा गणिताचा, आणि गणिताच्या तासाला आपला आयुष कसा चमकतो ते बघायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. आयुष आज शाळेत गेलेलाच नाही, हे त्यांच्या अंगठ्याला कुणी सांगितलं नव्हतं.

त्यांनी फोनकडे पाहिलं. मग शेजारी पाहिलं. पुन्हा फोनकडे पाहिलं. कालचं चित्र लागलं असेल म्हणून कोपऱ्यातली तारीख बघितली, तर ती आजचीच होती आणि तिच्याखाली सेकंद पळत होते. तिसऱ्या बाकावरच्या मुलाने हात खाली घेतला, उभं राहून उत्तर दिलं आणि बसताना शर्ट मागून ओढून नीट केला. शर्ट ओढण्याचा हा खास झटका दिनानाथांना तोंडपाठ होता. त्याचं त्यांना कौतुक होतं.

"आयुष," ते म्हणाले, "आज शाळेत कोण गेलंय?"

"काय?" आयुषने डोळे न उघडता विचारलं.

"तुझ्या जागेवर कोण बसलंय? तिसऱ्या बाकावर, खिडकीकडे. आत्ता उत्तर दिलं त्याने."

"ॲल्रॉय असेल. मॅथ्सला तोच हात वर करतो."

"आणि तू?"

"मी मागे बसतो ना, पप्पा. कॅमेऱ्याच्या खाली. सांगितलं होतं मी तुम्हाला." त्याच्या आवाजात राग नव्हता, तक्रार नव्हती. वेळ विचारल्यावर घड्याळ बघून सांगावं तसं त्याने सांगितलं आणि कापसाने गालावर ओघळलेलं औषध पुसलं.

आता हा माणूस असा कसा फसला, हे सांगायला हवं. कारण दिनानाथ काही भोळसट गृहस्थ नव्हते. उलट आपल्या नजरेचा त्यांना फार अभिमान होता. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात बाटल्यांची झाकणं बनत, आणि ती चांगली की वाईट हे ठरवायचं काम एकोणीस वर्षं त्यांच्याकडे होतं. पट्ट्यावरून हजारो झाकणं धावत जायची, त्यातलं एक वाकडं दिनानाथ चिमटीत उचलायचे. माझ्या डोळ्यांतून काही सुटत नाही, हे ते कारखान्यात म्हणत, घरी म्हणत, भाजीवाल्यासमोरही म्हणत. भाजीवाला त्यांना तरीही दोन किडकी वांगी देत असे, पण ते आशालताला चिरताना कळायचं, यांना नाही.

आयुष त्यांचा एकुलता एक. जवळची शाळा सातवीपर्यंतच होती, म्हणून गेल्या वर्षी माध्यमिक शाळा शोधायची वेळ आली तेव्हा दिनानाथांनी विरार पूर्व पालथी घातली. एका शाळेचं मैदान लहान, दुसरीची प्रयोगशाळा कुलूपबंद, तिसरीत मुलामुलींना एकच नळ. शेवटी चंदनसारच्या पुढची एक शाळा पसंत पडली. तिचं माहितीपत्रक लग्नपत्रिकेइतकं गुळगुळीत होतं. विज्ञानाची प्रयोगशाळा, संगणक कक्ष, ग्रंथालय, फिल्टरचं पाणी, कबड्डीचं मॅट, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं. आशालताने स्वच्छतागृहात पाणी येतं का ते जाऊन बघितलं. दिनानाथ मात्र शेवटच्या पानावर अडकून बसले होते. तिथे लिहिलं होतं की प्रत्येक वर्गात कॅमेरा आहे आणि पालकांना घरबसल्या, ऑफिसबसल्या मोबाईलवर वर्ग बघता येईल.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "ह्याला म्हणतात सुविधा."

"शाळेत मास्तर असतात ना बघायला?" आशालता म्हणाली.

"मास्तर शिकवणार की बघणार?"

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्याच आठवड्यात दिनानाथांनी विचारलं, कितव्या बाकावर बसतोस? आयुष म्हणाला, तिसऱ्या. दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फोन उघडला. कॅमेरा वर्गाच्या मागच्या भिंतीवर, छताजवळ लावलेला. फळा आणि शिकवणाऱ्या बाई समोरून दिसत, मुलांच्या मात्र पाठीच दिसत. एका बाजूला मुलींच्या रांगा, खिडकीच्या बाजूला मुलांच्या. आणि मुलं म्हणजे काय, तर पांढरे शर्ट आणि बारीक कापलेली डोकी. सगळ्यांची हजामत एकाच न्हाव्याने केल्यासारखी.

खिडकीच्या रांगेत तिसऱ्या बाकावर दोन मुलं होती. एक खिडकीकडचा आणि एक आतला. बाईंनी काहीतरी विचारलं आणि खिडकीकडच्याने हात वर केला. आतला शेजाऱ्याच्या वहीत वाकून बघत होता. आपला कुठला, हे ठरवायला दिनानाथांना अर्धं मिनिटही लागलं नाही. हात वर करणारा आपला. दुसरा आपला असू शकतो, हा विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नाही. आई-बापांची जात अशीच असते, पण सगळे आई-बाप रोज दुपारी त्यावर शिक्का मारत बसत नाहीत.

दिनानाथ बसले. जेवणाचा डबा एका हाताशी आणि फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा. शेजारी निकोलस बसायचा, गिरीज गावचा, मशीनवरचा जुना माणूस, घरी केळीची वाडी. त्याला रोज दाखवायचं, बघ, आज पुन्हा हात वर.

"तोरस्कर," निकोलस एकदा म्हणाला, "मी रोज केळीपुढे उभा राहून बघत बसलो तर घड लवकर येईल काय हो?"

दिनानाथ हसले. त्यांना ते कौतुकच वाटलं.

ॲप एकाच नंबरावर चालायचं, आणि तो नंबर दिनानाथांचा. आशालताने ते एकदाच बघितलं. ती घरी साड्यांना फॉल-पिको करायची. मशीनवरून मान वर करून, चष्मा पुसून तिने स्क्रीनकडे निरखून पाहिलं आणि म्हणाली, "मान आपल्या आयुषची वाटत नाही हो."

"कॅमेऱ्यात माणूस बारीक दिसतो."

"असेल बाई," असं म्हणून ती पुन्हा साडीकडे वळली. तिथेच सगळं थांबलं असतं, पण बायकोचं ऐकायचं तर मग नजर कसली!

ॲपमध्ये पालकांना सूचना लिहिता येत. दिनानाथ तो हक्कही बजावत. कधी पंखा बंद आहे, कधी बाई दहा मिनिटं उशिरा आल्या, कधी शेजारचं पोर त्रास देतं, कधी फळा नीट पुसला नाही. शाळेकडून लगेच उत्तर यायचं, 'दखल घेतली आहे, धन्यवाद.' आपल्यामुळे शाळा सरळ चालली आहे, असं त्यांना मनापासून वाटायचं.

जुलैच्या शेवटी आयुष एका संध्याकाळी म्हणाला, "पप्पा, मला बोर्डवरचं ब्लर दिसतं. मागे बसवलंय मला."

"थापा मारू नकोस. आज साडेबाराला मी तुला तिसऱ्या बाकावर बघितलंय. तिसऱ्या बाकावरून फळा दिसत नाही?"

"मी तिथे नव्हतो."

"मग कोण होतं, तुझं भूत?"

ऑगस्टमध्ये त्याने पुन्हा सांगितलं. गणपतीच्या आधी तिसऱ्यांदा. त्या वेळी तो जरा चिडून म्हणाला होता, "तुम्ही भलत्यालाच बघताय," आणि दिनानाथ एवढे तापले होते की आशालताला मध्ये पडावं लागलं. अभ्यास टाळायला पोरं काय काय रचतात, हे त्यांनी दुसऱ्या दिवशी निकोलसला रंगवून सांगितलं. त्यानंतर आयुषने विषय काढला नाही. पहिल्या सत्रात मार्क घसरले, तेव्हा दिनानाथांनी निदान केलं की याला वर्गात सगळं येतं, पेपरात येत नाही, म्हणजे लिहायचा आळस. त्यांनी त्याला मनवेलपाड्यात हस्ताक्षराच्या शिकवणीला घातलं. पोर आठवड्यातून तीन दिवस तिथे जाऊन सुंदर अक्षर गिरवत होतं, वहीला नाक लावून.

आणि नोव्हेंबरात एकदा तिसऱ्या बाकावरचा मुलगा तासभर खिदळताना दिसला. दिनानाथ घरी आले ते चप्पल न काढताच आत गेले आणि आयुषच्या कानाखाली एक ठेवून दिली. आयुष कशाबद्दल म्हणून विचारायलाही थांबला नाही. "सॉरी पप्पा, परत नाही करणार," म्हणाला.

हे सगळं असंच चालत राहिलं असतं, पण काल आशालताची सुई ओवेना. चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणून तिने आयुषला हाक मारली. तेरा वर्षांच्या पोराचे डोळे म्हणजे काय, एका झटक्यात ओवेल! आयुष दोरा घेऊन पाच मिनिटं हवेत टोचत बसला. तिला शंका आली. तिने त्याचा उजवा डोळा तळहाताने झाकला आणि सुई त्याच्या नाकासमोर धरली.

"काय दिसतंय?"

"तुझा हात."

"आणि हातात?"

"काही आहे का हातात?"

आशालता रात्री जेवली नाही. "उद्या कारखान्यात जायचं नाही," तिने नवऱ्याला सांगितलं. विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. म्हणून आज, गुरुवारी, बाप आणि लेक या बाकड्यावर बसले होते.

डॉ. नताशांनी बोलावलं. तरुण डॉक्टर, बोलायला मोकळ्या, पण आयुषच्या डाव्या डोळ्यात उजेड टाकून बघता बघता त्यांचं बोलणं कमी होत गेलं. डोळे फार चोळतोस का, त्यांनी विचारलं. आयुष म्हणाला, हो, खाज येते. त्या म्हणाल्या, "हे साध्या चष्म्याचं वाटत नाही मला. शनिवारी स्कॅन करू. तोपर्यंत डोळ्याला हात लावायचा नाही, कितीही खाज आली तरी." दिनानाथ मान डोलावत होते. त्यांच्या कानात मात्र एकच वाक्य घुमत होतं, सांगितलं होतं मी तुम्हाला.

घरी आल्यावर त्यांनी आशालताला ॲल्रॉयचं सांगितलं. तिने फक्त त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं दिनानाथांना त्या कानाखालच्या आवाजापेक्षा मोठं वाटलं. हात चालवला होता तो ॲल्रॉयच्या खिदळण्यासाठी, आणि माफी मागितली होती आयुषने.

माणूस हादरला की आधी दुसऱ्याचा गळा शोधतो. दिनानाथांनी शाळेचा शोधला. शुक्रवारी सकाळी ते दहाच्या सुमारास शाळेत धडकले. फाटकावर नाव लिहिलं, तेही पेन कागदात रुतेल इतक्या जोराने. मुख्याध्यापकांच्या केबिनबाहेर भिंतीवर भला मोठा टीव्ही होता आणि त्यावर सोळा चौकोन, सोळा वर्ग. त्यातल्या आयुषच्या आठवी ब मध्ये आत्ता कुणीच नव्हतं, मुलं मैदानावर होती. वर्गशिक्षिका रोझमेरी टीचर स्टाफरूममध्ये वह्या तपासत होत्या. पन्नाशीच्या, गळ्यात बारीक क्रूस.

"माझा मुलगा कुठे बसतो ते मला दाखवा," दिनानाथ म्हणाले.

टीचरनी एकदा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने जिन्याकडे निघाल्या. वर्ग रिकामा होता. त्या थेट मागच्या भिंतीपाशी जाऊन थांबल्या. डोक्यावर कॅमेरा, त्याखाली एक लांब बाक, बाकीच्या बाकांपासून हातभर मागे, भिंतीला चिकटलेला.

"इथे पाच जण बसतात. तीन मुलगे, दोन मुली."

दिनानाथ त्या बाकावर बसले. गुडघे वरच्या फळीला टेकले. समोर रिकाम्या बाकांच्या रांगा आणि पार पलीकडे फळा. त्यावर काहीतरी लिहिलेलं होतं. त्यांच्या तरबेज नजरेलाही ते वाचायला डोळे बारीक करावे लागले. मग त्यांनी फोन काढला, ॲप उघडलं आणि आठवी ब लावला. वर्ग दिसला, फळा दिसला, मधल्या बाकांपाशी उभ्या राहिलेल्या टीचर दिसल्या. ते स्वतः कुठेच दिसेनात. त्यांनी हात वर केला. हातही दिसेना.

"ही काय पद्धत झाली?" ते ओरडले. "पाच पोरं आई-बापांच्या नजरेआड लपवून ठेवता तुम्ही?"

"हळू बोला," टीचर म्हणाल्या. "पद्धत मी नाही काढली. ॲप आल्यापासून अशीच आहे. कोणी डुलकी काढली, कोणी चुळबुळ केली, की दुसऱ्या मिनिटाला ऑफिसात पालकांचा फोन. मग ऑफिसातून निरोप, वर्ग नीट दिसला पाहिजे. तेव्हा ज्यांच्यामुळे नीट दिसत नाही ते कॅमेऱ्याखाली. मला आवडतं असं समजू नका."

"माझा मुलगा तिसऱ्या बाकावर होता. जूनमध्ये होता ना?"

"होता. ॲल्रॉयच्या शेजारी, आतल्या बाजूला."

"मग त्याला कोणाच्या सांगण्यावरून उचललंत?"

"पालकांच्या."

"कोणत्या पालकांच्या? नाव सांगा मला. मी बघतोच त्यांच्याकडे. दुसऱ्याच्या पोराला मागे ढकलणारा कोण हा शहाणा?"

रोझमेरी टीचर जरा घुटमळल्या. "तक्रारी आमच्याकडे नाव काढून येतात. पण मजकुरावरून कळलं मला. ॲल्रॉयच्या घरून आलेली. त्याचे वडील आमच्या शेजारच्या वाडीतले, दर रविवारी चर्चमध्ये भेटतात. इतके चांगले लोक, आणि असं लिहावं? तेव्हापासून मी त्यांच्याशी धड बोललेले नाही, खरं सांगते." असं म्हणत त्यांनी स्वतःच्या फोनवर जुना निरोप शोधून काढला आणि दिनानाथांच्या हातात दिला.

दिनानाथांनी वाचलं.

'आठवी ब. तिसऱ्या बाकावर खिडकीकडे बसणारा माझा मुलगा हुशार असून नियमित हात वर करतो. परंतु त्याच्या शेजारचा मुलगा सतत त्याच्या वहीत डोकावतो, डोळे चोळत बसतो, फळ्याकडे बघत नाही. अशा मुलामुळे चांगल्या मुलाचे नुकसान होते. तरी त्यास ताबडतोब मागे बसवावे.'

पहिल्या ओळीतच त्यांना आपलं लिहिणं ओळखू आलं होतं. तरी ते शेवटपर्यंत वाचत गेले, जणू पुढे कुठेतरी एखादा शब्द दुसऱ्या कुणाचा निघेल. निघाला नाही. 'नियमित' त्यांचा होता. 'त्यास' त्यांचा होता. कारखान्यात माल परत पाठवताना ते असंच लिहीत. आणि आता त्यांना तो दिवससुद्धा आठवला. जुलैचा तिसरा आठवडा. लिहून पाठवलं, दोन दिवसांत ते डोकावणारं पोर बाकावरून नाहीसं झालं, आणि त्या आनंदात त्यांनी निकोलसला चहा पाजला होता.

डोकावणारं पोर. डोळे चोळणारं पोर. सात महिने ज्याला ते आपला म्हणत होते तो दुसऱ्याचा, आणि ज्याला परका म्हणून त्यांनी उचलून फेकलं तो त्यांच्या पोटचा. त्याला फळा दिसत नव्हता म्हणून तो शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेत होता. तेवढी एकच सोय त्याला होती या सगळ्या सुविधांच्या शाळेत, आणि ती बापाने काढून घेतली.

"काय झालं?" टीचरनी विचारलं. "पाणी आणू का?"

"ही माझी आहे," दिनानाथ म्हणाले.

"काय तुमची?"

"तक्रार. मी लिहिलीय. ॲल्रॉयला मी आयुष समजत होतो. आणि आयुषला..."

रोझमेरी टीचरना समजायला क्षणभर लागला. मग त्यांचा हात आपोआप गळ्यातल्या क्रूसाकडे गेला आणि त्या पुढच्या बाकावर बसल्या. "जेजू," त्या पुटपुटल्या. खाली मैदानावर शिट्टी वाजली, मुलांचा गलका उठला. मग त्या म्हणाल्या, "मलाही कळायला हवं होतं. पोर वहीत का डोकावतं, हे मी एकदा तरी विचारायला हवं होतं. बासष्ट मुलं आहेत वर्गात, पण तरीही." त्या म्हणाल्या ते खरंच होतं. दिनानाथांना त्याचा काडीचाही आधार झाला नाही. त्यांच्या घरात तर एकच होता.

त्याच दिवशी टीचरनी आयुषचं नाव पहिल्या बाकावर लिहिलं. दिनानाथ बाहेर पडले. मुख्याध्यापकांना जाब विचारायचं राहून गेलं. विचारायला तोंड कुठलं आणायचं? घरी त्यांनी आशालताला एवढंच सांगितलं की बाक बदललाय. तक्रार कोणाची होती, ते तिने विचारलं, तर ते म्हणाले, शाळा नाव सांगत नाही. यात अक्षरही खोटं नव्हतं, आणि त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली.

शनिवारी तिघं दवाखान्यात गेले. स्कॅन झाला. डॉ. नताशांनी पडद्यावर दोन रंगीत वर्तुळं दाखवली, उजवा डोळा आणि डावा डोळा. डाव्यात मधोमध लालभडक डाग होता.

"बुबुळावर काचेसारखा पडदा असतो," त्या सांगू लागल्या. "ह्याचा तो पातळ होत चाललाय आणि टोकासारखा पुढे येतोय. चोळण्याने वाढतं ते. उजव्याला सुरुवात आहे, तो आपण थांबवू शकतो. महिन्याभरात त्याची ट्रीटमेंट करून टाकू. डाव्यात मात्र पुढे गेलंय. आहे तिथे तो टिकवायचा प्रयत्न करू, पण गेलेली नजर चष्म्याने परत यायची नाही. पुढे मोठं ऑपरेशन लागेल कदाचित." आशालताने पदर तोंडाशी धरला. डॉक्टर थांबल्या, मग जरा नाराजीने म्हणाल्या, "सहा-सात महिने आधी आला असतात तर डावाही वाचला असता हो." आणि आयुषकडे वळून त्यांनी विचारलं, "तुला कळत नव्हतं का रे दिसत नाही ते? घरी नाही सांगितलंस?"

दिनानाथ आयुषकडे बघू लागले.

"नाही डॉक्टर," आयुष म्हणाला. "मी कोणाला सांगितलंच नाही. मला वाटलं, सगळ्यांना असंच दिसतं."

तो इतकं सहज बोलला की डॉक्टरांनी मान हलवून लिहायलाही घेतलं. आवाज कापला नाही, नजर ढळली नाही. खरं सांगितलं तेव्हा ज्या पोराला तीनदा खोटारडं ठरवलं, ते आज पहिल्यांदा खोटं बोललं, बापाची अब्रू राखायला. गप्प बसले असते तर सुटले असते. समोर कागदावर पेन चालत होतं, आशालता रडत होती, आणि पोराने दार उघडून धरलं होतं.

"खोटं आहे ते," दिनानाथ म्हणाले. "त्याने सांगितलं होतं, डॉक्टर. जुलैत सांगितलं, ऑगस्टमध्ये सांगितलं, गणपतीच्या आधी सांगितलं. मी ऐकलं नाही. त्याला मागच्या बाकावर बसवा म्हणून शाळेला लिहिणाराही मीच. दुसऱ्या कुणी नाही. मी."

आशालताचं रडणं जागच्या जागी थांबलं. डॉक्टरांचं पेन थांबलं. हे शेवटचं आयुषलाही माहीत नव्हतं. त्याने मान वळवली, आणि बापाचा चेहरा नीट दिसावा म्हणून डावा डोळा मिटून, एका डोळ्याने, तो त्यांच्याकडे बघत राहिला.